लहान प्रयत्न आणि सामाजिक बदल : सातारा-सांगलीतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शिक्षक, बचत गटांतील महिला, तरुण मंडळांचे कार्यकर्ते आणि निवृत्तीनंतर गावी परतलेली मंडळी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा विषय दुसऱ्या प्रश्नात आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी एकट्याने काही केल्याने समाजात काय फरक पडणार आहे?

एकट्याचे काम एकट्यापुरतेच राहिले, तर फारसा फरक पडत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. फरक पडतो तो त्या कामाला जोडून घेणारी काही व्यवस्था असेल तेव्हा. आपल्याच भागातील उदाहरण पाहू. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे मुख्य ठिकाण साताऱ्यात आणले. सर्व जातींची मुले एकत्र राहतील आणि एका पंक्तीत जेवतील असे वसतिगृह चालवायचे, तर रोजच्या धान्याचा प्रश्न होता. त्यासाठी मुष्टीफंड सुरू झाला. घरातल्या बाईने स्वयंपाकाचे धान्य काढताना त्यातली एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची आणि वसतिगृहाच्या मुलांनी ठरल्या दिवशी झोळी घेऊन ते धान्य गोळा करायचे, अशी ती पद्धत होती.

या गोष्टीतील मुठीचे कौतुक सगळेच करतात. फेरीची आठवण मात्र क्वचित काढली जाते. ठरल्या दिवशी न चुकता दारात येणारी मुले, धान्याचे मोजमाप ठेवणारा कोणीतरी आणि आपली मूठ कोठे गेली हे गावाला दिसण्याची सोय, ही तिन्ही नसती, तर ते धान्य मडक्यातच किडले असते. म्हणून ‘मी काय करू’ या प्रश्नाबरोबरच ‘मी केलेले गोळा कोण करणार’ हा प्रश्नही विचारावा. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणारे कोणी नसेल, तर ते काम आपण अंगावर घ्यावे. गावोगाव त्याच कामाला माणसे कमी पडतात.

२. लहान प्रयत्नांतून मोठा बदल नेमका कसा घडतो?

सगळे बदल एकाच रीतीने घडत नाहीत, आणि ही गल्लत झाली की कार्यकर्ते निराश होतात. काही कामांत प्रत्येक भर मोजता येते. एका घराने ओला आणि सुका कचरा वेगळा केला, तर तेवढा कचरा सुधारतो, मग शेजारी काहीही करोत. काही कामांत ठरावीक संख्या गाठेपर्यंत काहीच मिळत नाही. दारूचे दुकान बंद करण्याचे मतदान त्या प्रकारचे आहे (प्रश्न ५ पाहा). तिसरा प्रकार रूढीचा. तेथे प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहत असतो आणि ‘सगळे तसेच करतात’ एवढ्याच कारणावर प्रथा टिकलेली असते.

तिसऱ्या प्रकाराचे चांगले उदाहरण सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात आहे. मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ग्रामसभेत ठरवून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा वाजला की दीड तास दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद ठेवायचे आणि मुलांनी अभ्यासाला बसायचे. एखाद्या घराने एकट्याने हा नियम केला असता, तर ‘शेजारच्यांकडे चालू आहे’ ही मुलाची तक्रार रोज ऐकावी लागली असती. भोंग्यामुळे ती तक्रारच उरली नाही, कारण सगळ्यांनी एकाच क्षणी बंद करायचे ठरले होते. अशा कामात प्रत्येक घरात जाऊन उपदेश करण्यापेक्षा एक सामाईक खूण ठरवणे अधिक उपयोगी पडते.

३. माझ्याकडे वेळ आहे, पण पैसा नाही. सुरुवात कशापासून करावी?

आधीच चालू असलेल्या कामातील कंटाळवाणा भाग मागून घ्यावा. वाचनालयाची नोंदवही, बचत गटाचे हिशेब, शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीचे इतिवृत्त, ही कामे करायला कोणी पुढे येत नाही आणि त्यांच्यावाचून बाकीचे अडते. नवे मंडळ, नवा फलक आणि नवे उद्घाटन यांची आपल्याकडे मुळीच टंचाई नाही.

४. ग्रामसभेला जाऊन खरोखर काही उपयोग होतो का? आमच्याकडे ठरायचे ते आधीच ठरलेले असते.

तक्रार खरी आहे, आणि ती खरी राहण्याचे एक कारण नियमांतच आहे. ग्रामसभेसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती झाली नाही, तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे पहिल्या दिवशी लोक आले नाहीत, तर पुढच्या सभेत मोजक्या माणसांच्या उपस्थितीत तेच विषय मंजूर होऊ शकतात. गैरहजेरी ही तटस्थता आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती त्या मोजक्या माणसांच्या हाती दिलेली संमती ठरते.

वर्षातून किमान चार ग्रामसभा होणे अपेक्षित असते, आणि ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही आहे. ती अनेक ठिकाणी केवळ नोंदवहीत होते. शंभर माणसे जमवणे आपल्या आवाक्यात नसेल, तर दहा जणांनी मिळून तीन साध्या गोष्टींचा आग्रह धरावा: मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखवावे, आपला विषय आधी लेखी देऊन त्याची पोच घ्यावी आणि ठरावाचे शब्द सभेतच लिहून वाचावेत. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण सभेत बोलले गेलेले आणि नंतर वहीत उतरलेले यांत बरेच अंतर पडलेले आढळते.

खर्चाची माहिती मिळत नसेल, तर माहितीचा अधिकार आहे. अर्जाचे शुल्क १० रुपये असते आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द एवढी मर्यादा असल्याने, सगळा राग एका अर्जात ओतू नये.

५. गावातील दारूचे दुकान बंद करायचे आहे. त्यासाठी किती जणींची साथ लागेल?

राज्याच्या २००८ सालच्या आदेशानुसार गावातील २५ टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी, लेखी मागणी केली की सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात. आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते मिळाली, तर दुकान बंद होते.

अडचण या ‘निम्म्याहून अधिक’ शब्दांत आहे. हे निम्मे झालेल्या मतदानाचे नसून यादीतील मतदारांचे असते. समजा, यादीत १,२०० महिला आहेत. मागणीसाठी ३०० सह्या पुरतील, पण जिंकण्यासाठी ६०१ मते लागतील, आणि ज्या आल्या नाहीत त्या सगळ्या दुकानाच्या बाजूने धरल्यासारख्या होतील. पाटण आणि जावळी तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे माथाडी कामानिमित्त मुंबई आणि नवी मुंबईत राहतात, त्यांची नावे मात्र गावच्या यादीत असतात. म्हणून अशा गावांत मतदानाची लढाई चौकातील सभेपेक्षा यादीवर अधिक होते. वाडीनिहाय नावे वाटून घेणे, मृत आणि स्थलांतरितांची नावे वेळेत वगळण्यासाठी अर्ज करणे, बाहेरगावच्या लेकी-सुनांना आठवडाभर आधी फोन करणे आणि त्यांच्या येण्याची सोय लावणे, ही कामे प्रत्येकी दहा-पंधरा नावांच्या हिशेबाने केली, तर झेपतात.

ही पद्धत परवानाधारक दुकानांसाठी आहे. हातभट्टी आणि चोरटी विक्री हा सरळ गुन्हा असल्याने त्यासाठी मतदानाची गरज नसते. तेथे पोलीस आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे तक्रार करावी लागते (तक्रारीतील धोक्याविषयी प्रश्न ९ पाहा).

६. आम्ही श्रमदानाने बांध घातले, दोन-तीन वर्षे विहिरींना पाणी टिकले आणि आता पुन्हा टँकर येतो. मग ती मेहनत वाया गेली का?

मेहनत वाया गेलेली नसते; ती अर्धी झालेली असते. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने पहिला क्रमांक मिळवला आणि २०१८ मध्ये तो माण तालुक्यातील टाकेवाडीला मिळाला. खटाव आणि माण हे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील तालुके आहेत. तेथे लोकांनी हाती कुदळ-फावडी घेऊन सलग समतल चर खोदले, ही जिल्ह्याच्या आठवणीत राहण्याजोगी गोष्ट आहे. चर खोदण्याचे काम पहिल्या प्रकारचे आहे (प्रश्न २ पाहा): जेवढे घनमीटर खोदले, तेवढे पाणी मुरण्याची सोय झाली.

मुरलेले पाणी उपसण्याची गोष्ट मात्र निराळी असते. भूजलाला बांध नसतो. मी ठिबक लावून वाचवलेले पाणी शेजाऱ्याच्या खोल बोअरमध्ये जाऊ शकते, आणि हे ज्याला कळते तो स्वतःही बोअर खोल नेतो. गावात पाणी आले की उसाचे क्षेत्र वाढते आणि चार चांगल्या पावसांची कमाई एका कोरड्या वर्षात संपते. येथे एकट्याच्या संयमाला मर्यादा पडतात. पावसाळा संपल्यावर विहिरींची पातळी मोजून, उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून, कोणती पिके घ्यायची आणि नव्या बोअरचे काय करायचे हे एकत्रच ठरवावे लागते. खोदायला उन्हात माणसे येतात, कारण त्यात उत्साह असतो. ऊस न लावण्यात कसला उत्साह असणार? त्यामुळे हा भाग सगळीकडे मागे पडतो.

पाण्याच्या वाटणीचा विचार आधीच केल्याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातच आहे. खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडी येथील लोकांनी येरळा नदीवर १९८०च्या दशकात बळीराजा स्मृती धरण उभे केले. नदीतील वाळूच्या मर्यादित विक्रीतून त्याचा काही खर्च भागवला गेला. जमीन असो वा नसो, प्रत्येकाचा पाण्यावर हक्क असावा, हे तत्त्व भिंत बांधण्याआधी मान्य झाले होते.

७. सगळे लोकांनीच करायचे, तर सरकार कशासाठी आहे?

लोकांच्या कामाचे दोन प्रकार असतात. एकात सरकारने न केलेले काम लोक स्वतः उरकतात, दुसऱ्यात ते सरकारला करायला भाग पाडतात. पहिलाच प्रकार दीर्घकाळ चालला, तर ‘गाव समर्थ आहे’ असे कौतुक करून यंत्रणा हात झटकते. आटपाडीच्या दुष्काळी भागात क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९०च्या दशकात पाणी परिषदा सुरू झाल्या. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्यावे आणि त्याचे वाटप समन्यायी असावे, ही तेथील मागणी होती. टेंभूसारखी उपसा योजना कोणत्याही श्रमदानातून उभी राहू शकत नाही. तिच्यासाठी हजारो माणसांनी वर्षानुवर्षे परिषदेला येऊन बसणे, हाच लहान प्रयत्न होता.

शाळेची गळकी खोली लोकवर्गणीतून दुरुस्त करण्यास हरकत नाही. दुरुस्तीच्या आधी छायाचित्रांसह लेखी मागणी करावी, दुरुस्तीनंतर खर्चाचा तपशील पंचायत समितीला कळवावा आणि पुढील वर्षीच्या आराखड्यात तो विषय येतो का, हे पाहावे.

८. ‘नकुशा’ नावाच्या मुलींची नावे बदलण्यासारखे कार्यक्रम केवळ प्रतीकात्मक नसतात का?

प्रतीकात्मक असतात, आणि तरीही ते करावेत. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून तिचे नाव ‘नकुशा’ ठेवण्याची रीत सातारा जिल्ह्यात होती. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्ह्यातील अशा २८५ मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. अनेकींनी नवे नाव स्वतः निवडले आणि काहींनी चित्रपटतारकांची नावे घेतली, यावर हसणाऱ्यांनी ‘नकोशी’ अशी हजेरी रोज वर्गात ऐकून पाहावी. त्या प्रत्येक मुलीच्या बाबतीत बदल पूर्ण होता.

त्याच वर्षीच्या जनगणनेत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुलींची संख्या ९०० पेक्षा कमी होती. नाव बदलल्याने हा आकडा बदलत नाही. तो गर्भलिंगनिदान करणाऱ्यांवर कारवाई झाल्याने, मुलीच्या नावे जमीन लागल्याने आणि म्हातारपणी मुलीच्या घरी राहण्यात कमीपणा न वाटल्याने बदलतो. नामकरणाच्या निमित्ताने शाळा, आरोग्य विभाग आणि पालक एका मांडवात आले आणि जी गोष्ट घराघरात लपून होती तिची उघड नोंद झाली, एवढा त्या समारंभाचा सामाजिक उपयोग होता.

९. गैरप्रकाराची तक्रार करावीशी वाटते, पण भीती वाटते. नाव गुप्त राहते का?

भीती अनाठायी नाही. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच त्या कायद्याचा अध्यादेश निघाला. ‘घाबरू नका’ असा कोरडा सल्ला देणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

गर्भलिंगनिदानाविषयी खबर देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवली जाते आणि खबर खरी ठरल्यास राज्य शासनाकडून १ लाख रुपयांचे बक्षीस मिळते. साताऱ्यातील दलित महिला विकास मंडळाच्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी अशा केंद्रांवर सापळे लावण्याची पद्धत रूढ केली. त्या सापळ्यांत बनावट ग्राहक म्हणून जाणाऱ्या गरोदर स्त्रिया सामान्य घरांतील असतात. त्यांच्या मागे वकील, पंच आणि यंत्रणेतील अधिकारी आधीपासून उभे केलेले असतात, म्हणून त्या जाऊ शकतात. यातून घेण्याची गोष्ट अशी, की धोक्याच्या तक्रारीवर एकाच माणसाची सही कधीही नसावी. पाच-सात जणांनी मिळून, शक्यतो तालुक्याबाहेरील संस्थेला सोबत घेऊन, लेखी तक्रार द्यावी.

भावकीने किंवा जातपंचायतीने वाळीत टाकले, तर महाराष्ट्रात २०१७ पासून लागू झालेला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

१०. मुलीचे लग्न साधेपणाने करायचे आहे, पण लोक ‘परवडले नाही’ म्हणतील. काय करावे?

लोक तसे म्हणतीलच, आणि नेमके म्हणूनच ही सुरुवात सुस्थितीतील कुटुंबांनी करावी. कर्जबाजारी शेतकऱ्याने साधे लग्न केले, तर त्याला नाइलाज समजतात. दोन बंगले असलेल्याने केले, तर त्याला विचार समजतात. हा अन्याय आहे, पण रूढी बदलताना त्याचा उपयोग करून घेता येतो. १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा त्यातच होता) कमी खर्चाच्या ‘गांधी विवाहां’चा प्रसार केला. गावासमोर, मान्यवरांच्या उपस्थितीत ती लग्ने लागत असल्याने साधेपणाला प्रतिष्ठा मिळाली. आज एखाद्या गावातील पाच प्रतिष्ठित घरांनी एकाच हंगामात जेवणावळी आणि डीजे यांना फाटा दिला, तर सहाव्या घराला स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही.

११. विधवा जाऊबाईंना मी हळदीकुंकवाला बोलावते, पण त्या स्वतःच यायला नकार देतात. आग्रह धरावा का?

आग्रह एकदाच धरावा, तोही एकांतात. सर्वांसमोर केलेला आग्रह त्यांना परीक्षेसारखा वाटू शकतो, आणि उद्या काही वाईट घडले तर दोष आपल्या माथी येईल ही त्यांची भीती खरी असते. शिरोळ तालुक्यातील हेरवाडने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ठरावाचा फायदा असा, की बांगड्या न फोडण्याचा निर्णय शोकात असलेल्या बाईला एकटीला घ्यावा लागत नाही. आपल्या घरापुरते करायचे, तर हळदीकुंकवाऐवजी सगळ्याच बायकांना तिळगुळाला बोलवावे. त्यात कोणाला वगळण्याचा किंवा मुद्दाम सामावून घेतल्याचे दाखवण्याचा प्रश्नच येत नाही.

१२. पुराच्या वेळी आम्ही टेम्पोभर कपडे पाठवले आणि नंतर टीका झाली. आमचे काय चुकले?

हेतू चुकला नाही, वेळ आणि वस्तू चुकली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा वेळी पहिल्या दिवसांत बोटी, जीवरक्षक जाकिटे, पिण्याचे पाणी आणि औषधे लागतात. पाणी ओसरल्यावर गाळ काढायला माणसे, पंप, जंतुनाशके आणि जनावरांसाठी चारा लागतो. जुने कपडे जवळजवळ कधीच लागत नाहीत, उलट ते निवडण्यात आणि साठवण्यात स्थानिक कार्यकर्त्यांचे हात अडकतात. हजारो घरांनी प्रामाणिकपणे केलेला लहान प्रयत्न एकत्र होऊन अडथळा ठरू शकतो, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे. पाठवण्यापूर्वी त्या गावातील एका माणसाला फोन करून यादी मागावी आणि यादीबाहेरचे काहीही पाठवू नये. महिन्याभराने, मदतीची वाहने थांबल्यावर, वह्या-पुस्तके आणि कागदपत्रांच्या दुय्यम प्रती मिळवून देण्याचे काम उरलेले असते. त्यासाठी टेम्पो नको, चार रजा हव्यात.

१३. आमच्या गटात शिकलेले कोणी नाही. आमचे कोण ऐकणार?

माण तालुक्यातील म्हसवड येथे १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तिच्या पहिल्या अर्जाला रिझर्व्ह बँकेने नकार दिला होता, कारण प्रवर्तक महिलांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या. त्या महिलांनी साक्षरतेचे वर्ग लावले, पुन्हा अर्ज केला आणि आपल्याला व्याजाचे हिशेब तोंडी करता येतात, हे दाखवून दिले. कागदाची भाषा शिकून घ्यावीच लागते. ती शिकेपर्यंत थांबण्याची मात्र गरज नाही.

१४. आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. संस्था नोंदवावी का?

केवळ श्रमदान, वाचनवर्ग किंवा पाठपुरावा करायचा असेल, तर घाई करू नये. बाहेरून वर्गणी घ्यायची, जागा भाड्याने घ्यायची किंवा अनुदान मागायचे ठरले की नोंदणी लागते. संस्था नोंदणीसाठी किमान सात सदस्य हवेत आणि अर्ज आपल्या जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात करावा लागतो. नोंदणीनंतर दरवर्षी लेखापरीक्षण आणि कार्यकारिणी बदलल्यावर बदल अर्ज ही कामे मागे लागतात. ती न केल्याने अनेक संस्था कागदावर वादात अडकून पडतात, म्हणून सचिवपदासाठी उत्तम वक्त्यापेक्षा कागदपत्रे जपणारा माणूस शोधावा. नोंदणी होईपर्यंत गोळा होणारी रक्कम एकाच्या वैयक्तिक खात्यात ठेवू नये. दोघांच्या सहीचे संयुक्त खाते काढून त्याचा जमाखर्च दर महिन्याला गटासमोर वाचावा.